उदगीरचं शेडकार्ड

सिंगापूर,
१९ मे २०२०

प्रिय साधना,

टपाल बंद आहे, म्हणून हे ईमेलने. माझ्या अक्षराला नावं ठेवायचं तुझं सुख या खेपेला बुडालं.

आम्ही तिघं बुओना व्हिस्टाच्या फ्लॅटमध्ये डांबले गेलोय. शिरीषची बँक जेवणाच्या टेबलावर भरते आणि क्षिप्राचं मेडिकल कॉलेज तिच्या पलंगावर. तिचं दुसरं वर्ष आहे आणि अजून एकाही पेशंटला हात लावलेला नाही. खालच्या हॉकर सेंटरमधल्या, म्हणजे खाऊगल्लीतल्या, खुर्च्यांना चिकटपट्ट्या लावून टाकल्यात. वीस वर्षांत तिथलं एकही टेबल मी रिकामं पाहिलेलं नाही.

मला मात्र घरात बसायची सोय नाही. छातीच्या रोगांची डॉक्टर म्हणून माझी नेमणूक कामगारांच्या डॉर्मिटरीत झालीय. एकेका खोलीत बारा-बारा माणसं, बांगलादेशची, तमिळनाडूची. पहिल्याच दिवशी एक सहकारी मला म्हणाला, "मीनल, यू स्पीक इंडियन, राइट?" मी म्हटलं, हो, पण हा पेशंट तमिळ बोलतोय. तो इथली 'लाह'ची शेपटी लावून म्हणाला, "सेम सेम, लाह." मग मी आणि तो बिचारा पेशंट खुणांनी बोललो. वॉर्डात तर अजूनही चिनी आजी मला नर्सच समजतात. पूर्वी राग यायचा. आता मी आधी बेडपॅन आणून देते आणि मग सांगते की मी असोसिएट प्रोफेसर आहे.

परवा पीपीई सूट चढवताना एकदम अंबाजोगाईचा डिसेक्शन हॉल आठवला. तू पुस्तक धरून मोठ्याने वाचायचीस आणि मी कापायची. फॉर्मॅलिनने डोळे चुरचुरायचे, तरी तुझा आवाज म्हणून थांबायचा नाही. इथे एवढी मोठमोठी माणसं आहेत, पण मी कापत असताना कुणी वाचून दाखवणारं नाही गं.

उल्हासला जपायला सांग. तिकडे कितपत आहे?

तुझी,
मीनल


उदगीर,
६ सप्टेंबर २०२०

प्रिय मीने,

"तिकडे कितपत आहे" असं विचारलं होतंस. तेव्हा नव्हतं. आता वीस खाटांच्या दवाखान्यात एकतीस पेशंट आहेत, म्हणून उत्तराला साडेतीन महिने लागले. उल्हास सर्जन असून सध्या ऑक्सिजनचे सिलिंडर मोजतो. लग्नानंतर पहिल्यांदाच त्याला एक काम नीट जमतंय.

तुला एक गंमत सांगायची आहे. गंमत म्हणू की काय म्हणू, ते तूच ठरव.

आमच्याकडे अश्लेषा वाघमारे म्हणून सिस्टर आहे. सव्वीस वर्षांची, रंगाने चांगली काळीभोर, तोंडाने माझ्यापेक्षा फटकळ. महिन्यापूर्वी ती म्हणाली, "मॅडम, बोटाचा चिमटा गोऱ्या माणसाला खरं सांगतोय आणि काळ्याला फसवतोय." मी खेकसले. मशीनला काय जात-रंग असतो का? तिने सरळ एक रजिस्टर उघडलं. डावीकडे बोटाच्या चिमट्याने दाखवलेला ऑक्सिजन आणि उजवीकडे त्याच वेळी रक्त काढून तपासलेला. आणि मीने, पोरीचं खरं निघालं. रंगाने उजळ माणसाचे दोन्ही आकडे जुळतात. काळ्या माणसाचा चिमटा तीन-चार आकडे जास्त दाखवतो. म्हणजे चिमटा म्हणतो पंच्याण्णव, ठणठणीत आहे, आणि माणूस आतून गुदमरत असतो.

तिने आधी रंगाच्या रकान्यात गोरा, गव्हाळ, सावळा, काळा असं लिहिलं होतं. मी म्हटलं, बाई, गव्हाळ म्हणजे काय ते लग्नाच्या जाहिराती देणाऱ्यांनाही ठाऊक नसतं. दुसऱ्या दिवशी ही मामाच्या दुकानातून भिंतीच्या रंगाचं शेडकार्ड घेऊन आली! पेशंटच्या दंडाच्या आतल्या बाजूला धरायचं, जुळेल तो नंबर लिहायचा. एका म्हाताऱ्याने विचारलं, "सिस्टर, यातला पाहिजे तो रंग मिळतो का?" ऑक्सिजन चालू असताना हसला बिचारा.

एकसष्ट पेशंट झालेत. तू मोठी संशोधक, म्हणून तुला कळवते. यात काही आहे का, की आम्ही येडे?

तुझी,
साधना


सिंगापूर,
१३ सप्टेंबर २०२०

साधना,

तुझं पत्र दोनदा वाचलं.

इथल्या डॉर्मिटरीत नियम असा होता की चिमटा पंच्याण्णव किंवा वर दाखवत असेल, तर माणसाला खोलीतच ठेवायचं. नियमाच्या कागदावर तीन सह्या आहेत, त्यातली एक माझी. काल मी जुने कागद उपसले. सहा जण असे सापडले की त्यांचा आकडा चांगला होता आणि दुसऱ्या दिवशी त्यांना उचलून आणावं लागलं. सहाही जण काळे, उन्हात काम करणारे. सगळे वाचले, देवाची कृपा. पण ती देवाचीच, माझी नाही.

तुम्ही येडे नाही. अश्लेषाला सांग, थांबू नकोस. रजिस्टरच्या प्रत्येक पानाचा फोटो मला पाठवा. इकडे मी तसंच मोजायला लागते, तेच शेडकार्ड मागवते. साधना, आपण हे लिहू या. तू वाच, मी कापते!

तुझी,
मीनल


उदगीर,
१० जानेवारी २०२१

प्रिय मीने,

सगळी पानं पाठवली, दोनशे बारा पेशंट. दोन पानांवर चहाचे डाग आहेत, ते माझे. अमेरिकेतही कुणीतरी हेच लिहिलंय, असं उल्हासने वाचून दाखवलं, तेव्हा लगबग कर. पण शेडकार्ड त्यांच्याकडे नाही, हं.

अश्लेषाला मी सांगून ठेवलंय की तुझं नाव छापून येणार. तेव्हापासून ती पेशंटला शेड नंबर सांगताना खुर्चीत ताठ बसते. तिची आई विटा वाहायची, बाप अजून वाहतो. घरात पहिल्यांदा शिकलेली हीच. तिचं नाव घालशील ना? माझं राहिलं तरी चालेल.

साधना


सिंगापूर,
२८ नोव्हेंबर २०२१

प्रिय साधना,

किती महिने झाले! एप्रिलपासून तुझं एक अक्षर नाही, फोनवरही "बरी आहे, नंतर बोलते" एवढंच. तिकडे दुसऱ्या लाटेत काय झालं ते बातम्यांत पाहत होते आणि उगाच फोन करून तुझा वेळ खाऊ नये, असं वाटायचं. तू आणि उल्हास नीट आहात, एवढं कळलं, म्हणून निर्धास्त होते.

आता आनंदाची बातमी. पेपर छापून आला! सोबत पाठवतेय. चांगलं नियतकालिक आहे, पहिलं नाव माझं. इथल्या कॉलेजने लगेच बातमी केली आणि 'आरोग्यातील समता' या विषयावर मला भाषणाला बोलावलं. विविधता समितीवरही घेतलं आणि समितीच्या माहितीपत्रकावर माझाच फोटो छापलाय. साडी नेसा म्हणाले. आयुष्यात कामाला साडी नेसून गेले नव्हते, त्या दिवशी नेसले.

एक गोष्ट आधीच सांगते. तुमची दोनशे बारा माणसं थेट घेता आली नाहीत. तुमच्या दवाखान्याला संशोधनाची परवानगी देणारी समिती नाही, आणि आमचे विभागप्रमुख म्हणाले की तसले आकडे घेतले, तर सगळाच पेपर अडकेल. म्हणून आकडे इकडचे घेतले आणि लेखक आम्ही चौघं राहिलो. शेवटी आभारांमध्ये 'भारतातील सहकाऱ्यांचे' असं घातलंय, म्हणजे तुम्हीच. तुला कुठे असल्या नावाबिवाची हौस, म्हणून मी फार ताणलं नाही. रागावली नाहीस ना?

परवा आंग मो किओला गेले होते. लग्नानंतर आम्ही भाड्याने राहत होतो, तो ब्लॉक बघून आले. सातव्या मजल्यावरून तुला पत्र लिहायची आणि कोपऱ्यावरच्या पेटीत टाकायला खाली पळायची. पेटी अजून तिथेच आहे.

तुझी,
मीनल


उदगीर,
१५ डिसेंबर २०२१

प्रिय मीनल,

पेपर वाचला. छान झालाय. अभिनंदन.

इकडे सगळं ठीक. थंडी पडलीय.

साधना


सिंगापूर,
२६ फेब्रुवारी २०२३

साधना,

हे पत्र चौथ्यांदा लिहायला घेतलंय.

क्षिप्रा परवा परत आली. तुझ्याकडे महिनाभर काम शिकायला धाडली, तेव्हा मला वाटलं होतं की पोरगी चार मराठी शब्द शिकेल आणि भाकरी खाऊन येईल. बॅग उघडायच्या आधी तिने मोबाइल माझ्यासमोर धरला. तुमच्या ड्यूटी रूमच्या भिंतीवरचा फोटो. हार घातलेला. 'सिस्टर अश्लेषा वाघमारे, २ मे २०२१'. आणि त्याखाली कपाटातलं रजिस्टर, आतल्या पुठ्ठ्याला चिकटवलेलं शेडकार्ड.

ती तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, "आई, धिस इज युअर पेपर. होल थिंग इज हर आयडिया, व्हॉट. व्हाय हर नेम नॉट देअर?" मी परवानगीचं, समितीचं सगळं सांगितलं. ती ऐकून घेत होती. मग म्हणाली, "दॅट वन इज फॉर द नंबर्स. फॉर द आयडिया ऑल्सो नीड परमिशन, मेह?" आणि खोलीत निघून गेली. तेव्हापासून माझ्याशी कामापुरतं बोलतेय.

मला का नाही सांगितलंस गं? सव्वा वर्ष मी तुझ्या 'छान झालाय' ला छानच समजत राहिले. तुला वेळ नसेल, थकली असशील, असं वाटलं. ती गेली, हे तू मला लिहिलं नाहीस. पेपर पाहून नुसतं अभिनंदन केलंस.

आता खरं सांगते, कारण तुझ्याशी नाही, तर कुणाशी. प्रोफेसरपदासाठी माझा अर्ज गेलाय. तिसरी वेळ. पहिल्या दोन खेपेला ज्यांना मिळालं, ते दोघं माझ्या हाताखाली शिकलेले. मला सांगायचे, यू आर सच अ टीम प्लेअर, मीनल. या खेपेला पहिल्यांदा विभागप्रमुख स्वतः माझ्या बाजूने आहेत, आणि ते या पेपरमुळे. अर्जात मी लिहिलंय की मूळ कल्पना आणि पद्धत माझी. लिहिताना खोटं वाटलं नव्हतं, ही त्यातली सगळ्यात वाईट गोष्ट. इतके महिने तेच आकडे बघत होते की कल्पना कुठून आली, ते विसरलेच.

आता नियतकालिकाला कळवून नावं घालायची, तर अर्जातलं वाक्य खोटं ठरतं. निकाल जूनअखेर आहे. मी विचार करतेय की आपण जूनपर्यंत थांबू या का? चारच महिने. त्यानंतर मी सगळं करीन, अश्लेषाचं नाव, तुझं नाव, सगळं. आता ती तर... म्हणजे तिला घाई नाही, असं माझ्या मनात आलं आणि ते मी इथे लिहूनही टाकलंय. खोडत नाही. तुला कळू दे, मी कुठवर आलेय.

मीनल


उदगीर,
१२ मार्च २०२३

मीनल,

तुझं पत्र उल्हासला वाचून दाखवलं. तो म्हणाला, दोन दिवस थांबून उत्तर लिही. मी बारा दिवस थांबले. तरी राग तसाच आहे, तेव्हा तो घे आता.

कॉलेजात हिस्टॉलॉजीच्या जर्नल-वहीतली तुझी सगळी चित्रं मी काढलेली. गुलाबी आणि जांभळी पेन्सिल घेऊन रात्ररात्र ठिपके देत बसायची. सरांनी तुझं जर्नल वर्गात दाखवलं आणि तू माझ्याकडे बघून डोळा मारलास. किती हसलो होतो आपण! ती गंमत होती, कारण तेव्हा मला काहीच नको होतं, तू हवी होतीस. पण या वेळी मी मागितलं होतं. एकच गोष्ट मागितली होती, तीसुद्धा माझ्यासाठी नाही. तुला चिनी आजी नर्स समजतात, याचं तुला वीस वर्षं दुःख. आणि इथली नर्स तू खरोखर नुसती नर्स समजलीस. आभारांमध्ये सुद्धा नाव नाही, 'भारतातील सहकारी'! भारतात एकशेचाळीस कोटी माणसं आहेत, बाई.

हे झालं तुझं. आता माझं ऐक. तू विचारलंस, का नाही सांगितलं. तुझ्यावर रुसले म्हणून नव्हे. तसं असतं तर सोपं होतं.

३० एप्रिलची दुपार. सत्तेचाळीस पेशंट होते, पायऱ्यांवरसुद्धा. अश्लेषाला दोन दिवस ताप होता, तरी कामावर होती. मी तिच्या बोटाला चिमटा लावला. पंच्याण्णव. ती म्हणाली, "मॅडम, माझं बोट बघू नका, रक्त काढा." रक्त तपासायचं साहित्य चार दिवसांपूर्वी संपलं होतं, लातूरहून येत नव्हतं. आणि एकच खाट रिकामी होती. दारात एक बाई होती, तिचा चिमटा एकोणनव्वद दाखवत होता. बाई गोरी होती. मी खाट तिला दिली आणि अश्लेषाला म्हटलं, आकडा चांगला आहे, घरी जाऊन झोप. मीनल, दोनशे बारा माणसं मोजून तिने मला शिकवलं होतं. शेडकार्ड माझ्या टेबलावर होतं. तरी मी आकडाच बघितला.

तिने वाद घातला नाही. एरवी शब्दाला शब्द देणारी पोरगी, त्या दिवशी पिशवी उचलून गेली. दुसऱ्या दिवशी तिच्या बापाने तिला टेम्पोतून आणलं, तेव्हा बोलत नव्हती. दोन तारखेला गेली.

तुला हे सांगितलं असतं, तर तू म्हणाली असतीस, तुझा काय दोष, परिस्थितीच तशी होती. मला ते नको होतं. तिच्या आईलाही मी अजून सांगितलेलं नाही. तोंड चुकवत फिरते. मला वाटलं होतं की छापलेलं नाव घेऊन जाईन आणि मग बोलेन. रिकाम्या हाताने जायची हिंमत होत नव्हती. मग तुझा पेपर आला.

तेव्हा जूनपर्यंत थांबायचं का, ते तू ठरव. मी तुला थांब म्हणणार नाही आणि थांबू नकोस असंही म्हणणार नाही. तुझं प्रोफेसरपद तुझं हक्काचं आहे, हे मला ठाऊक आहे. तू नेहमीच माझ्यापेक्षा हुशार होतीस आणि तिथे तुला डावललंय, याचा मला राग आहे. पण माझ्याकडून होकार घेऊन तू मोकळी होऊ नकोस.

क्षिप्रा गुणाची आहे. तिला पुन्हा पाठव.

साधना


सिंगापूर,
३० जुलै २०२३

प्रिय साधना,

तुझं पत्र मिळाल्याच्या दुसऱ्या दिवशी नियतकालिकाला कळवलं, असं लिहायला आवडलं असतं. तसं झालं नाही. तीन आठवडे मी ते पत्र बॅगेत घेऊन एमआरटी मेट्रोने जात-येत होते. शेवटी शिरीष म्हणाला, "मीनल, तू प्रोफेसर झालीस, तर पार्टीत मी कल्पना कुणाची म्हणून सांगायचं, ते सांगून ठेव." तो चेष्टा करत नव्हता. मी त्याच संध्याकाळी लिहिलं.

विभागप्रमुखांनी दार लावून घेतलं आणि म्हणाले, "व्हाय नाऊ? वेट फ्यू मंथ्स, लाह." अगदी माझंच वाक्य. दुसऱ्याच्या तोंडून ऐकल्यावर कसं वाटतं, ते कळलं. बाकी तिघांच्या सह्या हव्या होत्या, एकाने दोन महिने लावले. तुमची जुनी पानं, चहाच्या डागांसकट, पुरावा म्हणून पाठवली. अर्जातलं ते वाक्य मीच पत्र देऊन मागे घेतलं. निकाल आला: पुढच्या खेपेला पुन्हा अर्ज करावा. चौकशीही झाली, ताकीद मिळाली. पुढच्या खेपेपर्यंत मी निवृत्तीला आलेली असेन, तेव्हा तो विषय संपला. विविधता समिती मी सोडली, पण माहितीपत्रकावर साडीतली मी अजून हसतेच आहे. ते बदलायला बजेट नाही म्हणतात.

रडले मी, खोटं का सांगू. तीस वर्षं ते एक पद डोळ्यांसमोर ठेवून काढली. आंग मो किओच्या त्या खोलीत एका पंख्याखाली अभ्यास करायची, तेव्हा शिरीष मला गमतीने 'प्रोफेसर' म्हणायचा.

दुरुस्ती पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला छापून येईल. तू मागितलं होतंस तसं अश्लेषाचं नाव घातलंय, तुझ्या आधी. तिला पहिली करावी, म्हणून मी भांडले, पण आधी छापलेली चार नावं हलवायला ते तयार नाहीत. त्यामुळे ती पाचवी आणि तू सहावी. आमच्या धंद्यात पाचव्या नावाला कुणी विचारत नाही, हे तुला सांगायची लाज वाटते. पण कल्पना आणि शेडकार्डची पद्धत अश्लेषा वाघमारे यांची, असं स्पष्ट वाक्य घालून घेतलंय. तिच्या नावावर एक खूण आहे आणि खाली बारीक अक्षरांत 'दिवंगत'.

तुझ्या त्या दुपारबद्दल मी काही लिहीत नाही. तू नको म्हणालीस. इतकंच लिहिते की मी ते पुन्हा पुन्हा वाचलं.

तुझी,
मीनल


उदगीर,
४ फेब्रुवारी २०२४

प्रिय मीने,

कागद निघाला तसा मी छापून घेतला आणि काल अश्लेषाच्या घरी गेले. उल्हास येतो म्हणाला, त्याला म्हटलं, नको, हे माझं मला जाऊ दे.

तिची आई अंगणात तूर निवडत होती. मला बघून उठली, पोतं झटकून बसायला दिलं. मी कागद आधी दिला नाही. आधी ती दुपार सांगितली. चिमटा, पंच्याण्णव, एकच खाट, सगळं. तिने मध्ये एकदाच विचारलं, "खाट दिली असती, तर जगली असती का?" मी म्हटलं, कदाचित जगली असती. ती मान खाली घालून तूर निवडत राहिली. सूप रिकामं झालं, तरी तिची बोटं फिरतच होती. मला वाटलं, आता जा म्हणेल. म्हणाली असती, तर गेले असते.

मग तिने हात पुसले आणि म्हणाली, "ते काय आणलंय?"

मी कागद उलगडला. तिला वाचता येत नाही आणि असतं, तरी इंग्रजी. मी बोट ठेवून नाव दाखवलं. तिने त्यावर स्वतःचं बोट ठेवलं आणि विचारलं, "ही बाकीची कोण?"

मी सांगितलं, सिंगापूरचे डॉक्टर आहेत. मोठे डॉक्टर, शिकवणारे. शेवटचं नाव माझं.

"म्हंजी तुमी हिच्या मागं?"

"हो."

ती नावं मोजायला लागली. एकेका नावावर बोट टेकवत, ओठ हलवत. आधी तुझं, मग ते तिघं. अश्लेषाच्या नावापाशी आली आणि थांबली.

"पाचवी आली," म्हणाली. "एवढ्या डाक्टरांत माझी पोर पाचवी आली?"

तू लिहिलेलं सगळं माझ्या मनात होतं, मीने. पाचव्या नावाला कुणी विचारत नाही वगैरे. मी म्हटलं, "हो. पाचवी आली."

तिने पदर तोंडाला लावला. रडता रडताच म्हणाली, "शाळेत पोरगी कधी पैल्या विसात आली न्हवती ओ, बाई."

तुझी,
साधना